मॉरिशसला स्वातंत्र्य कसं मिळालं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना हनिमून पॅकेज, निळं पाणी आणि फार तर डोडो पक्षी आठवतो. पण त्या बेटावर आपल्या कोकणातून गेलेल्या लोकांची पाचवी-सहावी पिढी राहते आणि तिथला स्वातंत्र्याचा प्रवास आपल्यापेक्षा पार वेगळा आहे, एका रात्रीत झेंडा बदलला असं तिथे घडलं नाही. याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं एका जागी लिहितोय. काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे.

थोडक्यात सांगा, मॉरिशस स्वतंत्र कधी झालं?

१२ मार्च १९६८.

पण नुसती तारीख पाठ करून काही कळत नाही. मोठे टप्पे असे: १८८६ मध्ये मूठभर पैसेवाल्यांना मत, १९४८ मध्ये ज्यांना लिहिता येतं त्यांना मत, १९५९ मध्ये सगळ्या प्रौढांना मत, १९६४ पर्यंत घरचा कारभार बऱ्यापैकी स्वतःच्या हातात, १९६८ मध्ये स्वातंत्र्य आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक. म्हणजे पहिल्या मतपेटीपासून स्वातंत्र्यापर्यंत ८२ वर्षं. याला पुस्तकात "क्रमाक्रमाने स्वातंत्र्य" म्हणतात आणि ते वाचून असं वाटतं की ब्रिटिश दर दहा वर्षांनी स्वतःहून एक एक पायरी देत गेले. तसं अजिबात नव्हतं, जवळजवळ प्रत्येक पायरीच्या आधी कोणीतरी संप केलाय, कोणीतरी तुरुंगात गेलंय, कोणीतरी गोळी खाल्लीय. हे पान लिहायचं मुख्य कारण तेच आहे.

ब्रिटिशांच्या आधी तिथे कोण होतं?

मूळ रहिवासी असे कोणीच नव्हते. डच आले, बेटाला त्यांच्या राजपुत्राचं नाव दिलं आणि १७१० मध्ये सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले, ऊस लावला. १८१० मध्ये ब्रिटिशांनी ते फ्रेंचांकडून जिंकलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं राजकारण तिच्यावर उभं आहे. फ्रेंचांनी शरणागती पत्करली तेव्हा तहात असं ठरलं की तिथल्या लोकांची मालमत्ता, कायदे, धर्म, रीतिरिवाज तसेच राहतील. त्यामुळे गव्हर्नर इंग्रज, पण जमीन, साखर कारखाने, पेपर आणि समाजातला मान फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडे. सामान्य मजुराला लंडनचा साहेब क्वचितच दिसायचा, त्याला रोज दिसायचा तो मळ्याचा मालक आणि त्याचा मुकादम. म्हणून मॉरिशसचा लढा एकाच वेळी दोन सत्तांशी होता.

भारतीय लोक तिथे कसे पोचले?

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांच्या वर रक्कम दिली, गुलामांना एक पैसा नाही. आणि गुलामगिरी संपायच्या आधीच पर्यायी मजुरांची सोय सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईसला उतरले. करारावर आणलेले, म्हणजे आपण ज्यांना गिरमिटिया म्हणतो ते. पुढच्या साधारण ८०-८५ वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास लोक या वाटेने तिथे नेले गेले.

जास्त करून बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातले लोक कलकत्त्याहून, तमिळ-तेलुगू लोक मद्रासहून आणि आपले मराठी लोक मुंबई बंदरातून. मराठी मजुरांमध्ये रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्गातल्या गावांमधले बरेच. पोर्ट लुईसला जिथे हे लोक उतरायचे त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ते युनेस्कोचं जागतिक वारसा स्थळ आहे.

हे सगळे लोक इतकी वर्षं गप्प बसले होते का?

नाही. १८७१ मध्ये नऊ हजारांहून जास्त भारतीय मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला होता, अडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका युरोपीय माणसाने त्यांना मदत केली. मळेवाल्यांनी द प्लेविट्झला भर रस्त्यात मारहाण केली, पण लंडनहून रॉयल कमिशन आलं. मजुरांच्या तक्रारी काय होत्या बघा: पगार महिनोनमहिने थकवायचे, एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायचे, आणि करार संपलेला माणूससुद्धा फोटो लावलेला पास जवळ नसेल तर भटक्या म्हणून पोलीस उचलून न्यायचे. त्या कमिशनने बऱ्याच तक्रारी खऱ्या ठरवल्या. सुधारणा मात्र सावकाश झाल्या.

मग १९०१ मध्ये गांधीजी. दक्षिण आफ्रिकेतून भारतात परत येताना त्यांचं जहाज पोर्ट लुईसला थांबलं आणि ते जवळपास तीन आठवडे बेटावर राहिले. त्यांनी तिथल्या भारतीयांना सांगितलं की मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर (नाव डॉक्टर, पेशाने वकील) तिथे गेले, कोर्टात मजुरांच्या केसेस चालवल्या आणि 'हिंदुस्थानी' नावाचं वर्तमानपत्र काढलं. ते ४ वर्षंच राहिले, पण मजुराच्या बाजूनेही कोर्टात कोणीतरी उभं राहू शकतं हे लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

१८८६ मध्येच निवडणूक झाली होती ना, मग अडचण काय होती?

झाली होती. गव्हर्नर पोप हेनेसीच्या काळात कौन्सिलमध्ये १० निवडून आलेले सभासद घ्यायचं ठरलं. पण मत द्यायला मालमत्ता किंवा ठरावीक पगार हवा, त्यामुळे साडेतीन लाखांच्या वर लोकसंख्येत मतदार जेमतेम ४ हजार. वर बाकीचे सभासद सरकारी अधिकारी आणि गव्हर्नरने नेमलेले. म्हणजे मळेवाल्यांना सरकारात खुर्ची मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

भारतीय वंशाची माणसं निवडून यायला १९२६ उजाडलं. त्या वर्षी दोघे निवडून आले, दनपत लाला आणि राजकुमार गजाधर. मधल्या काळात तर एक चळवळ अशीही झाली की बेट परत फ्रान्सला जोडा! १९२१ च्या निवडणुकीत ती सपशेल हरली.

मजूर पक्ष कुठून आला?

१९३६ मध्ये डॉ. मॉरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. क्युरे क्रेओल समाजातले, म्हणजे आफ्रिकन आणि मिश्र वंशाचे लोक, आणि पक्षात पहिल्यापासून क्रेओल गोदी कामगार आणि भारतीय ऊसतोड मजूर दोघेही होते. स्वातंत्र्य म्हणजे फक्त हिंदूंची मागणी होती असं बरेच जण म्हणतात, त्यांना हे माहीत नसतं.

१९३७ मध्ये छोट्या ऊसवाल्यांच्या 'उबा' जातीच्या उसाला कारखान्यांनी कमी भाव द्यायचं ठरवलं आणि भडका उडाला. ऊसदराचा प्रश्न किती पेटू शकतो हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला समजावून सांगायला नको. युनियन फ्लाक इथे मळ्याच्या माणसांनी गोळीबार केला, माणसं मेली. १९३८ मध्ये गोदी कामगारांचा संप झाला, गव्हर्नर क्लिफर्डने आणीबाणी लावली, कामगार नेते इमॅन्युएल आंकेतिल यांना मॉरिशसच्याच कारभाराखालच्या रॉड्रिग्ज बेटावर हद्दपार केलं, क्युरेंना घरात नजरकैदेत टाकलं. पण त्याच वर्षी कामगार संघटनांना कायदेशीर जागाही मिळाली.

आणि मग २७ सप्टेंबर १९४३, बेल व्ह्यू हारेल. युद्धाचे दिवस, महागाई, मळ्यावरचे मजूर पगारवाढीसाठी संपावर होते. पोलीस आले, बाचाबाची झाली आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. चौघं गेली, त्यातली एक अंजलाय कूपेन, वय ३२, पोटुशी. आज तिथल्या स्टेडियमला तिचं नाव आहे. मॉरिशसमध्ये शाळेतल्या पोरांनाही हे नाव माहीत असतं, आपल्याकडे जवळपास कोणालाच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१९४८ च्या निवडणुकीला इतकं महत्त्व का देतात?

कारण माझ्या मते खरी क्रांती तीच आहे, १९६८ नाही.

१९४७ च्या नव्या घटनेने असं ठरवलं की मालमत्ता नसली तरी चालेल, बेटावर वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली आणि स्वतःची सही करता आली की मत मिळेल. भाषा इंग्रजी-फ्रेंचच हवी असं नाही. हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, चिनी, क्रेओल (फ्रेंचमधून तयार झालेली बेटावरची रोजची बोली), सगळं चालेल. मळेवाल्यांना वाटलं की उसाच्या शेतात राबणाऱ्यांना कुठे लिहिता येतंय.

त्यांचा हिशोब चुकला तो बैठकांमुळे. बैठक म्हणजे मॉरिशसच्या गावागावातली एक साधी खोली, कधी पत्र्याची कधी गवताची, संध्याकाळी काम संपलं की लोक तिथे जमायचे, रामायण वाचायचे, पोरांना अक्षरं शिकवायचे. पं. बसदेव बिसुनदयाल यांनी आधीपासूनच 'जन आंदोलन' नावाने गावोगाव हिंदी आणि संस्कृतीचं काम सुरू केलं होतं आणि त्यासाठी ते अनेकदा तुरुंगातही गेले. आता त्यांचे स्वयंसेवक मोठ्या माणसांना लिहायला शिकवू लागले. दिवसभर कोयत्याने ऊस तोडणारा माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर स्वतःचं नाव गिरवतोय, शेजारी त्याची बायको गिरवतेय आणि काही महिन्यांनी दोघं नोंदणी अधिकाऱ्यासमोर उभे राहून ती वाक्यं लिहून दाखवतायत, हे चित्र डोळ्यासमोर आणा. ज्या बापजाद्यांनी कलकत्त्याला किंवा मुंबईला करारावर अंगठा उठवला होता त्यांची ही नातवंडं-पतवंडं.

मतदार बारा हजारांच्या आसपास होते ते बहात्तर हजारांच्या जवळ गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये मतदान झालं आणि १९ निवडून आलेल्या जागांवर मळेवाल्यांचं वर्चस्व मोडलं. एमिलियेन रोशकूस्त ही पहिली स्त्री याच वेळी निवडून आली.

मग तिथून पुढे आणखी वीस वर्षं का लागली?

१९४८ मध्ये लोकांनी १९ जणांना निवडून दिलं, त्यावर गव्हर्नरने स्वतःच्या मर्जीने १२ जण नेमले आणि त्यातले बहुतेक जुन्या, सनातनी बाजूचे नेमले. वर सरकारी अधिकारी ३. म्हणजे निवडणूक जिंकूनही सभागृहात बहुमत नाही. १९५३ मध्ये मजूर पक्षाने पुन्हा मैदान मारलं, पुन्हा नेमणुकांनी पारडं सारखं केलं. लोकांचा संताप होणारच.

तेव्हा नेतृत्व डॉ. शिवसागर रामगुलाम यांच्याकडे आलं होतं. १९०० सालचा जन्म, मळ्यावर राबणाऱ्या कुटुंबातला मुलगा, लंडनला डॉक्टरकी केली, परत येऊन पोर्ट लुईसला प्रॅक्टिस आणि राजकारण दोन्ही. लोक त्यांना चाचा म्हणायचे. त्यांची पद्धत रस्त्यावरची नव्हती, कागद, ठराव, वाटाघाटी, परत लंडन, परत वाटाघाटी. काही जण त्यांना मवाळ म्हणतात. मला वाटतं एवढ्या छोट्या, इतक्या समाजांत वाटल्या गेलेल्या बेटावर दुसऱ्या कुठल्या पद्धतीने काम झालं नसतं, पण बेल व्ह्यूसारख्या ठिकाणी मेलेल्या माणसांशिवाय त्यांच्या कागदाला वजन आलं नसतं हेही तितकंच खरं.

१९५५ आणि १९५७ मध्ये लंडनला बोलणी झाली, मंत्रीपदं आली. मार्च १९५९ मध्ये २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत, ४० मतदारसंघ. १९६१ च्या लंडन परिषदेत दोन टप्पे ठरले: आधी रामगुलाम चीफ मिनिस्टर, मग पुढच्या निवडणुकीनंतर प्रीमियर आणि पूर्ण मंत्रिमंडळ. १९६३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ४० पैकी १९ जागा मिळाल्या, स्वतःचं बहुमत नाही, म्हणून सगळ्या पक्षांचं मिळून सरकार. १९६४ मध्ये रामगुलाम प्रीमियर झाले. आता बाहेरचं धोरण, संरक्षण आणि गव्हर्नरचे खास अधिकार एवढंच ब्रिटिशांकडे उरलं.

मॉरिशसमध्ये स्वातंत्र्याला विरोध करणारेही होते म्हणे?

हो, आणि थोडेथोडके नाही, १९६७ च्या मतदानात साधारण ४४ टक्के.

पार्ती मोरिसियाँ हा पक्ष आधी ज्यूल केनिगचा आणि नंतर गेतां द्युवालचा. द्युवाल तरुण, देखणा, बोलायला पट्टीचा, क्रेओल समाजात त्याला राजासारखा मान. त्यांचं म्हणणं होतं की पूर्ण स्वातंत्र्य नको, ब्रिटनशी जोडून राहू. भीती दोन होत्या. एक म्हणजे साखर सोडली तर निर्यात करायला बेटावर काही नाही, साखरेला भाव ब्रिटनच्या बाजारात, ते दार बंद झालं तर खायचं काय. दुसरी भीती म्हणजे स्वातंत्र्य आलं की हिंदू बहुसंख्य आणि बाकीचे कायमचे दुय्यम. आज आपण बसल्या जागी म्हणू की भीती अनाठायी होती, पण १९६० मध्ये कॅरोल चक्रीवादळाने बेट झोपवलं होतं, लोकसंख्या भराभर वाढत होती, अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी भविष्याबद्दल फार निराश अहवाल दिला होता. अशा वेळी पोर्ट लुईसच्या एखाद्या क्रेओल गोदी कामगाराला भीती वाटली तर त्याला देशद्रोही म्हणता येत नाही. १९६८ च्या आगेमागे हजारो लोक देश सोडून ऑस्ट्रेलिया, युरोपला गेले. हा भाग स्वातंत्र्याच्या गौरवगाथेत गाळला जातो, तो गाळू नये.

'बेस्ट लूजर' काय भानगड आहे?

वरच्या भीतीवर काढलेला तोडगा. १९६६ मध्ये बॅनवेल कमिशन निवडणूक पद्धत ठरवायला आलं. त्यांच्या मूळ शिफारशींवर बराच गदारोळ झाला, मग दुरुस्त्या होऊन शेवटी असं ठरलं: २० मतदारसंघ, प्रत्येकातून ३ आमदार, रॉड्रिग्जचे २, एकूण ६२. यावर ८ जागा अशा की ज्या समाजाचे लोक कमी निवडून आले असतील त्यांच्यातल्या हरलेल्यांपैकी सगळ्यात जास्त मतं घेतलेल्यांना आत घ्यायचं. समाज चार धरले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे म्हणजे जनरल पॉप्युलेशन. आपले मराठी, तमिळ, तेलुगू सगळे 'हिंदू'त मोजले.

यावर तिथे आजही वाद आहे, उमेदवाराला स्वतःचा समाज लिहून द्यावा लागतो हे अनेकांना खुपतं. मला स्वतःला ही सोय त्या वर्षापुरती गरजेची वाटते, कायमची नाही.

१९६५ ला लंडनला नक्की काय झालं? चागोस तेव्हाच गेलं का?

हो. आणि हे वाचताना राग येतो.

सप्टेंबर १९६५, लँकेस्टर हाऊस. घटना परिषद सुरू, सगळे पक्ष हजर. त्याच वेळी ब्रिटनला अमेरिकेच्या लष्करी तळासाठी हिंदी महासागरात बेट हवं होतं आणि त्यांची नजर होती चागोस द्वीपसमूहातल्या डिएगो गार्सियावर. चागोसचा कारभार मॉरिशसमधून चालायचा. २३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना वेगळं भेटायला बोलावलं. या भेटीसाठी विल्सनना जी टिपणी दिली होती ती नंतर उघड झाली, तिचा मतितार्थ असा की रामगुलामांना आशाही दाखवायची आणि भीतीही: स्वातंत्र्य मिळू शकतं ही आशा आणि चागोसबाबत शहाणपणाने वागला नाहीत तर कदाचित मिळणार नाही ही भीती. त्याच दिवशी चागोस वेगळं करायला तत्त्वतः होकार घेतला गेला, बदल्यात ३० लाख पौंड, मासेमारीचे हक्क आणि संरक्षणासाठी गरज संपली की बेटं परत अशी आश्वासनं. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, वसाहतमंत्री अँथनी ग्रीनवुड यांनी मॉरिशस स्वातंत्र्याकडे जाईल असं जाहीर केलं.

८ नोव्हेंबर १९६५ ला चागोस कागदावर तोडलं गेलं, ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश नावाची नवीकोरी वसाहत तयार झाली. वसाहती सोडायच्या काळात नवी वसाहत! डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव करून ब्रिटनला बजावलं की मॉरिशसचे तुकडे करू नका, ब्रिटनने ऐकलं नाही.

रामगुलामांनी होकार द्यायला नको होता असं म्हणणारे आजही आहेत. पण वसाहतीचा प्रीमियर वसाहतीच्या मालकासमोर बसलाय, त्याच्या देशाचं भवितव्य त्या मालकाच्या सहीवर अवलंबून आहे, अशा होकाराला मी तरी मोकळ्या मनाने दिलेली संमती म्हणणार नाही.

सार्वमत झालं का?

नाही. द्युवालच्या पक्षाने मागितलं होतं, ब्रिटनने सांगितलं की सार्वत्रिक निवडणुकीतच निर्णय होईल. ७ ऑगस्ट १९६७ ला मतदान झालं. एका बाजूला मजूर पक्ष, सुखदेव बिसुनदयाल (बसदेव यांचे भाऊ) यांचा आयएफबी हा पक्ष आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांची मुस्लिम संघटना सीएएम, तिघांची मिळून इंडिपेंडन्स पार्टी. दुसऱ्या बाजूला द्युवाल. ६२ पैकी ३९ विरुद्ध २३, बेस्ट लूजरच्या ८ जागा दोघांना चार-चार. २२ ऑगस्टला विधानसभेत स्वातंत्र्याचा ठराव झाला.

दंगली झाल्या का?

झाल्या. मे १९६५ मध्ये हिंदू आणि क्रेओल यांच्यात, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं. जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने नसताना, पोर्ट लुईसमध्ये क्रेओल आणि मुस्लिम यांच्यात. जीव गेले, लोकांनी मोहल्ले बदलले, परत सैन्य आलं. यामुळेच १२ मार्चच्या सोहळ्याला ब्रिटिश राजघराण्यातली राजकन्या अलेक्झांड्रा येणार होती ती आली नाही.

तारीख १२ मार्चच का?

१२ मार्च १९३० ला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले होते, त्या आठवणीत ही तारीख घेतली असं सांगतात. सोहळा पोर्ट लुईसच्या शाँ द मार्स मैदानावर झाला, जे खरंतर घोड्यांच्या शर्यतीचं जुनं मैदान आहे. मजूर पक्षाची पहिली सभासुद्धा १९३६ मध्ये तिथेच झाली होती. तिथे युनियन जॅक खाली आला आणि लाल, निळा, पिवळा, हिरवा असा चौपट्टी झेंडा वर गेला.

१९६८ नंतरही राणीच प्रमुख होती?

हो, २४ वर्षं. रामगुलाम पंतप्रधान, पण राष्ट्रप्रमुख इंग्लंडची राणी आणि तिच्या नावाने गव्हर्नर जनरल. १२ मार्च १९९२ ला मॉरिशस प्रजासत्ताक झालं, राष्ट्रपती आला. तरी एक धागा अजून आहे, शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. बरेच मॉरिशियन याला गुलामीची खूण न मानता उलट बाहेरचा निःपक्ष न्यायाधीश म्हणून बघतात.

लोकशाही टिकली का?

टिकली, पण खडखडाट झाल्याशिवाय नाही. १९६९ मध्ये रामगुलामांनी चक्क द्युवालला सरकारात घेतलं. संप वाढले म्हणून आणीबाणी लावली, विरोधकांना आत टाकलं, १९७२ ची निवडणूक पुढे ढकलली ती १९७६ मध्ये झाली. आपल्या आणीबाणीच्या आधीची ही गोष्ट. पण १९८२ मध्ये विरोधकांनी मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा जिंकल्या, रामगुलाम स्वतःच्या मतदारसंघात हरले आणि सत्ता शांतपणे सोडली. माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम.

तिथल्या मराठी लोकांचं काय?

संख्येने लहान समाज, पण टिकून. शाळांमध्ये मराठी शिकता येते, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीचा विभाग आहे, मराठी मंडळी फेडरेशन आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, जी आपल्याकडच्या कित्येक राज्यांतही नसते. कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून अजून नाचतात. घरात बोलणं मात्र जास्त करून क्रेओलमध्ये, हे तिथल्या सगळ्याच भारतीय वंशाच्या लोकांचं आहे. त्यांना "तुम्ही मराठी कसे मग" असं कोणी विचारू नये एवढीच विनंती, इतक्या पिढ्या त्यांनी गणपती सोडला नाही.

फिरायला गेलो तर यातलं काय बघता येईल?

पोर्ट लुईसला आप्रवासी घाट, तिथल्या दगडी पायऱ्या चढूनच मजूर बेटावर पाऊल टाकायचे. चालत जाण्याच्या अंतरावर शाँ द मार्स. उत्तरेला पाम्प्लमूसची बाग, जिला आता रामगुलामांचं नाव आहे आणि तिथेच त्यांची समाधी आहे. पश्चिमेला ल मॉर्नचा डोंगर, जिथे पळून आलेले गुलाम लपायचे, तोही २००८ पासून जागतिक वारसा. बीचवर एक दिवस कमी घालवा.

चागोसचं शेवटी काय झालं?

तिथे राहणाऱ्या माणसांना १९६८ ते १९७३ या काळात हाकलून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं. त्यांची पाळलेली कुत्रीसुद्धा मारून टाकली. पोर्ट लुईसच्या झोपडपट्ट्यांत त्यांनी वर्षानुवर्षं काढली, बायकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली.

२५ फेब्रुवारी २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला दिला की चागोस तोडल्यामुळे मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्णच झाली नव्हती आणि ब्रिटनने लवकरात लवकर तिथला कारभार संपवावा. मे महिन्यात आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी तसाच ठराव झाला, भारतानेही मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. २२ मे २०२५ ला दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, डिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षांसाठी ब्रिटनकडे. बाकीच्या बेटांवर मॉरिशस लोकांना पुन्हा वसवू शकेल, पण डिएगो गार्सियावर नाही. ज्यांची घरं तिथेच होती त्यातल्या अनेकांची तक्रार हीच आहे की १९६५ मध्येही आम्हाला कोणी विचारलं नाही आणि यावेळीही नाही.